एआरटी केंद्रातलं समुपदेशन : त्या एका तासाला पाचपैकी पाच

केंद्राचं नाव मी लिहिणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातलं सरकारी एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणारं केंद्र आहे, एवढं पुरे. तिथल्या बाकड्यावर माझ्यासारख्याच बायका तोंडाला पदर लावून बसलेल्या असतात, त्यांना बघायला कुणी येऊ नये. पण तिथल्या सेवेबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. गोळ्या फुकट मिळतात, तपासण्या फुकट होतात, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. समुपदेशनाच्या खोलीत काय मिळू शकतं, हे कुणी लिहीत नाही. मला तिथं २०१९ च्या मे महिन्यात एक तास मिळाला. त्या तासाला मी पाचपैकी पाच देते. बाकीचं ओघात सांगते.

मी शिवणकाम करते. राजारामपुरीतल्या दोन साडीच्या दुकानांचं फॉल-पिको माझ्याकडं येतं, ब्लाऊज घरचे. माझे मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होते. २००८ ला ते आजारी पडले, तपासणीत एचआयव्ही निघाला, मग माझं रक्त घेतलं, मीही पॉझिटिव्ह. मुलगी चार वर्षांची होती, ती निगेटिव्ह निघाली. त्या दिवशी मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. मिस्टरांना टीबी झाला होता, उपचाराला उशीर झाला होता. २००९ च्या दिवाळीआधी ते गेले.

माझा सीडी-४, म्हणजे विषाणू ज्या पेशी संपवतो त्या रक्तातल्या पेशींचा आकडा, आला ८१२. सहा महिन्यांनी ७९०, मग ८४५, मग ८०५. त्या काळात हा आकडा एका मर्यादेच्या खाली उतरल्याशिवाय गोळ्या सुरू करत नसत. "तुमचं चांगलं आहे, सहा महिन्यांनी या," एवढंच सांगायचे. माझ्याबरोबर तपासणीला येणाऱ्या बायकांचे आकडे वर्षा-दोन वर्षांत उतरत गेले, त्यांना गोळ्या लागल्या. माझा जागचा हलेना. इचलकरंजीची एक मावशी म्हणायची, "तुझं रगातच येगळं हाय बाई." २०१४ ला एका डॉक्टरांनी सुचवलं म्हणून पैसे भरून खासगीत व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची तपासणी केली. उत्तर आलं, ५० पेक्षा कमी. गोळीचा कणही पोटात नसताना.

त्या लॅबचंही नाव लिहीत नाही, पण झालं ते सांगते. काउंटरवरच्या मुलानं आठ-दहा माणसांत माझं नाव आणि तपासणीचं नाव दोन्ही मोठ्यानं पुकारलं. मागं ओळखीची एक बाई उभी होती. तिच्याकडून येणारं शिवण त्या महिन्यापासून बंद झालं. आता २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालाय. कुणाची एचआयव्हीची माहिती त्याच्या संमतीशिवाय अशी उघड करता येत नाही. तेव्हा हे सांगणारंही कुणी नव्हतं.

दुसरी गोष्ट याहून मोठी. २०१२ पासून मी एका माणसाकडून पुडीचं चूर्ण घेत होते. महिन्याला पंधराशे रुपये. माझे रिपोर्ट बघून तो म्हणायचा, हे सगळं माझ्या औषधाचं यश आहे. माझ्या रिपोर्टची झेरॉक्स तो दुसऱ्या पेशंटना दाखवायचा, हे मला फार उशिरा कळलं. सहा वर्षं. एक लाख आठ हजार रुपये. ब्लाऊजच्या शिलाईतून दिलेले. माझे रिपोर्ट चूर्ण सुरू करायच्या आधीही तेच होते, ही एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, कारण माझ्या अंगात काय चाललंय हे मला कुणी समजावूनच दिलं नव्हतं. पोकळी असली की तिथं कुणीतरी पुडी घेऊन येतंच.

२०१७ ला नियम बदलला. सीडी-४ कितीही असो, सगळ्यांना गोळ्या. केंद्रातून फोन आले, मी गेले नाही. मला वाटायचं, माझ्या अंगानं जे नऊ वर्षं पेललं ते गोळीनं बिघडेल. आणि खरं सांगायचं तर मला त्या आकड्यांचा अभिमान होता. नवरा गेला, सासर तुटलं, माझं म्हणून राहिलेलं ते एकच होतं.

मग एप्रिल २०१९ मध्ये परत खासगीत व्हायरल लोड केला. १,१४०. सीडी-४ उतरून ५९०. रिपोर्ट घेऊन मी बिंदू चौकापर्यंत चालत आले आणि तिथं रिक्षा थांबवायचं सुचेना.

मग मे महिन्यात केंद्रात गेले. समुपदेशनाच्या त्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला पोस्टर आणि आवाज करणारा पंखा. समुपदेशक मॅडम माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असतील. त्यांनी फाईल उघडली, सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणं लावले आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, तुम्ही काम काय करता?" मी म्हटलं, शिवण. त्यांनी जुन्या कॅलेंडरचं एक पान काढलं, उलटं केलं आणि पेन घेतलं.

"विषाणू म्हणजे नुसता पॅटर्न," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडं ना मशीन, ना कापड. तो तुमच्या सीडी-४ पेशीत शिरतो, आपला पॅटर्न पेशीच्या मूळ पॅटर्नला टाचून ठेवतो आणि तुमच्याच मशीनवर, तुमच्याच दोऱ्यानं आपले नग काढून घेतो." लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत एका मिलिलिटर रक्तात लाखांनी विषाणू होतात, कधी दहा लाखांच्याही वर. काहींना ताप येतो, घसा धरतो, पुरळ उठतं, माणूस व्हायरल ताप म्हणून सोडून देतो. मग काहीही औषध न घेता ही संख्या बरीच खाली येते. कमीजास्त प्रमाणात जवळजवळ प्रत्येकाची.

"हे कोण करतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, देव.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सीडी-८ पेशी करतात. बरं, मला सांगा, तुम्ही घरात काय शिवताय हे शेजारणीला कसं कळतं?"

"दाराबाहेर चिंध्यांची पिशवी असते की. पैठणीची चिंधी दिसली की विचारतात, कुणाचं लग्न?"

"तस्संच," त्या म्हणाल्या. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आत जे काही बनतंय त्याची एक-एक चिंधी बाहेर हुकाला लावून ठेवते. सीडी-८ पेशी फिरत असतात, हुकाला लावलेलं बघत जातात. घरचीच चिंधी असली तर पुढं जातात. परकी दिसली की त्या पेशीला भोकं पाडून आत विष सोडतात, पेशी मरते, आतले न झालेले नगही मरतात. या हुकाला एचएलए म्हणतात. हुकांचा एक संच आईकडून, एक बापाकडून येतो आणि माणसागणिक त्यांचा आकार वेगळा. एका आकाराच्या हुकाला जी चिंधी बसते ती दुसऱ्याला बसत नाही.

इथवर मला कळलं. मग मी विचारलं, सगळ्यांकडं सीडी-८ आहेत, हुक आहेत, तर माझे मिस्टर का गेले?

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी ब्लाऊजचं चित्र काढलं. बेढब होतं, पण ब्लाऊजच होता. विषाणू आपला पॅटर्न उतरवताना फार चुका करतो आणि चुका तपासायची सोय त्याच्याकडं नसते. म्हणून प्रत्येक नग जरा वेगळा निघतो. कुणाचा गळा वेगळा, कुणाची लेस. चिंधी वेगळी दिसली की सीडी-८ पेशीला ओळखू येत नाही, ती पुढं निघून जाते. पेशी नवीन चिंधी ओळखायला शिकेपर्यंत विषाणूनं लेस पुन्हा बदललेली असते. बहुतेकांच्या शरीरात हीच शर्यत वर्षानुवर्षं चालते, आणि त्यात सीडी-४ पेशी संपत जातात. त्याच तर बाकीच्या पेशींना कामाला लावणाऱ्या मुकादम.

"आता तुम्ही सांगा," त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "ब्लाऊजमध्ये असं काय आहे, की ते बदललं तर ब्लाऊज अंगातच जाणार नाही?"

मी म्हटलं, मुंढा. गळा चुकला तर पायपिंग मारून झाकता येतो, टक्स पुन्हा घालता येतात. मुंढ्याचा गोल चुकला की बाही बसत नाही, हात वर होत नाही, कापड वाया.

मी चित्रावर मुंढ्याला खूण केली. तो कागद अजून माझ्या फाईलमध्ये आहे. त्यांनी सांगितलं, विषाणूच्या आत एक कवच असतं, निमुळतं, त्याचे तुकडे एकमेकांत नेमके बसावे लागतात. तो त्याचा मुंढा. काही माणसांचे हुकच असे असतात की त्यांना नेमकी त्या मुंढ्याजवळची चिंधी बसते. त्यांच्या सीडी-८ पेशी तिथंच मारा करतात. विषाणूनं तिथं बदल केला तर तोच अधू होतो, नाही केला तर पकडला जातो. या हुकांपैकी बी-५७ आणि बी-२७ हे दोन जास्त नावाजलेले. २०१० मध्ये हजाराच्या आसपास अशा लोकांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला, त्यात मुख्य फरक याच हुकाच्या खाचेत सापडला. गोळीशिवाय विषाणू ५० च्या आत ठेवणारे असे लोक शंभरात एकही भरत नाहीत. इंग्रजीत त्यांना एलिट कंट्रोलर म्हणतात.

"म्हणजे माझा हुक बी-५७?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "ती तपासणी आपल्याकडं या कामासाठी करत नाहीत. बी-५७ असूनही आजार वाढलेले लोक आहेत, आणि नसूनही विषाणू दाबून धरलेले आहेत. हुकाबरोबर सीडी-८ पेशींची ताकद लागते, क्वचित विषाणूच मुळात लुळा असतो. तुमच्यात नेमकं काय आहे ते मी खोटं सांगणार नाही."

हे वाक्य ऐकलं आणि माझा त्यांच्यावर विश्वास बसला. पुडीवाल्यानं सहा वर्षांत एकदाही 'माहीत नाही' म्हटलं नव्हतं.

पुढं त्यांनी जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. २००८ ला माझ्या रक्तात जे सापडलं, ज्याच्यामुळं सासूनं माझं ताट वेगळं केलं, ती होती प्रतिपिंडं. साध्या तपासणीत मुख्यतः विषाणूविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं शोधतात. "त्या दिवशी जे पॉझिटिव्ह आलं ना ताई, ते तुमच्या शरीराचं उत्तर होतं." मी तिथं रडले. त्यांनी पंख्याचा वेग कमी केला आणि मला रडू दिलं.

मग गोळीचा विषय. मी म्हटलं, माझं अंग एवढं करतंय तर गोळी कशाला? त्यांनी मलाच विचारलं, शिवण नसताना मशीन दिवसभर चालू ठेवलं तर काय होईल? मोटर तापेल, जळेल. विषाणू दाबून धरणाऱ्या माणसाच्या शरीराचंही तसंच होतं, ते सतत कामावर असतं. रिपोर्टमध्ये विषाणू दिसत नसला तरी आत दाह धुमसत राहतो, आणि त्याचा भार रक्तवाहिन्यांवर, हृदयावर येतो. त्यांनी २०१५ च्या एका मोठ्या चाचणीचं सांगितलं. ३५ देश, ४,६८५ माणसं, सगळ्यांचा सीडी-४ पाचशेच्या वर. ज्यांना लगेच गोळ्या दिल्या, त्यांच्यात गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहून कमी झाले. ते सगळे माझ्यासारखे नव्हते, साधे पेशंट होते, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं.

आणि १,१४० चं काय? "मुंढा बदलून बघितला असेल," त्या म्हणाल्या. कधीकधी विषाणू मुंढा बदलतो आणि मग त्याला जुळेल अशी बाहीही बदलून घेतो. तसा नग परत चालायला लागतो. मी शिवणकाम करणारी बाई, मला हे एका क्षणात पटलं. बाही जुळवून घेतली की बिघडलेला मुंढाही खपतो, हे मी स्वतः कितीतरी वेळा केलंय.

गोळीही त्यांनी त्याच कागदावर समजावली. एका गोळीत तीन औषधं. त्यातली दोन, टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन, म्हणजे पुढं टाका पडू न देणारा खोटा दोरा. विषाणू पॅटर्न उतरवायला लागला की हा दोरा लागतो आणि शिवण तिथंच थांबते. तिसरं तेव्हा एफाव्हिरेन्झ होतं, ते उतरवणारं यंत्रच अडकवतं. मी त्याच आठवड्यात तयारीच्या तपासण्या केल्या आणि जूनमध्ये गोळी सुरू केली.

सुरुवातीचा महिना जड गेला. रात्री गोळी घेतली की डोकं गरगरायचं आणि स्वप्नं इतकी खरी पडायची की उठून दाराची कडी बघायचे. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून घाबरले नाही. नंतर एफाव्हिरेन्झ जाऊन डोल्युटेग्राव्हिर आलं, ते विषाणूला आपला पॅटर्न टाचूच देत नाही, आणि स्वप्नंही गेली.

सेवा म्हणून अजून एक गोष्ट लिहायलाच हवी. ऑगस्ट २०१९ चा महापूर. पंचगंगेचं पाणी शहरात, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे बंद, दूध नाही, पेट्रोलला रांगा. मला केंद्रातून फोन आला, "ताई, गोळ्या किती उरल्यात? मोजून सांगा." मी मोजल्या, अकरा होत्या. "संपायच्या आत काहीतरी करू, पण एकही दिवस सोडू नका." चौथ्या दिवशी पाणी उतरलेल्या भागातून त्यांचा माणूस आला आणि एका कोपऱ्यावर बाटली देऊन गेला. घरी आला नाही, नाव पुकारलं नाही.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड झाला, या वेळी फुकट. विषाणू आढळला नाही.

२०२१ मध्ये मी मोबाईलवर कॅलिफोर्नियाच्या लॉरीन विलेनबर्ग यांच्याबद्दल वाचलं आणि तडक मॅडमकडं गेले. विलेनबर्गबाईंना १९९२ मध्ये लागण कळली, गोळी कधी घेतली नाही, आणि २०२० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात त्यांच्या दीडशे कोटी पेशी तपासूनही विषाणूचा एक अखंड पॅटर्न सापडला नाही. २०२१ च्या अखेरीस अर्जेंटिनातल्या एस्पेरांझा गावच्या एका बाईबद्दलही तसंच आलं. मी विचारलं, मी आता गोळी बंद करून बघू का? मॅडमनी मला खुर्चीत बसवलं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली : बाकीच्या एलिट कंट्रोलरमध्ये अखंड पॅटर्न सापडले, पण बरेचसे पेशीच्या अशा भागात टाचलेले होते जिथं मशीनच चालत नाही, जसं माळ्यावरच्या बंद पेटीत ठेवावं तसे. उघड्यावरच्या पॅटर्नच्या पेशी सीडी-८ नी बहुधा वर्षानुवर्षं वेचून मारल्या, पेटीतले राहिले. "तुमचे पॅटर्न कुठं आहेत हे बघायची सोय आपल्याकडं नाही. आणि तुमचा आकडा एकदा वाढलेला आहे. बंद केली तर बहुतेकांचा विषाणू काही आठवड्यांत परत येतो." मी बंद केली नाही.

आता उणिवा. त्या मॅडम कंत्राटावर होत्या, २०२२ मध्ये दुसरीकडं गेल्या. नव्या मॅडमही मनानं चांगल्या आहेत, पण एका पेशंटला दहा मिनिटं मिळतात. दहा मिनिटांत 'गोळी वेळेवर घ्या' एवढंच बसतं. बाहेरच्या बाकड्यावर दहा-पंधरा जण असतात, आणि बरेच रोजंदारी बुडवून आलेले. सकाळच्या वेळेऐवजी आठवड्यातून एक दिवस तरी संध्याकाळी केंद्र चालू ठेवावं, ही माझी लेखी मागणी तिथल्या पेटीत दोनदा टाकलेली आहे. रांगेला पाचपैकी दोन. औषधांच्या खिडकीला पाच, आजवर एकदाही 'स्टॉक नाही' ऐकलं नाही. आत्ताच्या समुपदेशनाला तीन, आणि तो दोष नव्या मॅडमचा नाही, वेळेचा.

नव्यानं जाणाऱ्यांसाठी : जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणं लावून न्या. आत गेल्यावर स्वतःहून म्हणा, मला माझ्या शरीरात काय चाललंय ते समजून घ्यायचंय. मागितलं तर वेळ काढतात, हा माझा अनुभव आहे. केंद्रात जायचं धाडस होत नसेल तर १०९७ वर फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

आणि गोळ्यांच्या बाटलीबद्दल. ती केएमटीच्या बसमध्ये पिशवीत खडखडते, चालताना जास्तच. बायका त्यात कापूस कोंबतात, काही जणी गोळ्या कागदात बांधून नेतात, त्यानं गोळ्यांना ओल लागते. मी ब्लाऊजच्या उरलेल्या चिंध्यांच्या, आत फोम घातलेल्या छोट्या पिशव्या शिवते. बाटली तिच्या झाकणासकट आत बसते, वर नाडी. गेल्या खेपेला बारा नेल्या होत्या. औषधाच्या खिडकीवरच्या दादांनी ड्रॉवरमध्ये ठेवल्या, मागेल तिला देतात. मी बाहेर रिक्षाची वाट बघत होते तेवढ्यात एक मुलगी, विशीतली असेल, माझ्या पोपटी चिंधीची पिशवी हातात धरून जिना उतरत आली. आवाज येत नव्हता.